बोमन ग्रे स्टेडियम: पाव मैलात फुल राडा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला इतकी वर्षं राहतोय पण नॅसकार (इथली कार रेसिंग) म्हणजे लांबून भुर्रकन जाणाऱ्या गाड्या आणि उन्हात चार तास, असंच डोक्यात होतं म्हणून कधी गेलोच नाही. मागच्या शनिवारी ऑफिसातल्या मित्राने अक्षरशः उचलून विन्स्टन-सेलमला नेलं, दीडेक तास ड्राइव्ह, सोबत माझी सात वर्षांची पोरगी.

तिथलं बोमन ग्रे हे मुळात फुटबॉलचं स्टेडियम (त्यांचं फुटबॉल, आपलं नाही), १९३७ चं. मैदानाभोवती पाव मैलाचा डांबरी ट्रॅक, म्हणजे शाळेच्या स्पोर्ट्सला आपण ज्या ४०० मीटरवर धापा टाकायचो ना तेवढाच, आणि त्यावर वीस-वीस गाड्या! वळणं एकदम सपाट, ओव्हरटेकला जागाच नाही, मग मागून बंपर टेकवायचा, पुढचा जरा बाहेर सरकला की आतून घुसायचं. आता ज्याला ढकललं तो काय गप्प बसणार? पुढच्या राउंडला हिशोब चुकता. उगाच नाही याला मॅडहाउस म्हणत.

१९४९ पासून इथे नॅसकारच्या दर आठवड्याच्या रेस चालू आहेत. नॅसकारचा दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटीने १९६९ मध्ये कारकिर्दीतली शंभरावी रेस इथेच जिंकली, आणि २०२५ ला नॅसकारचे मोठे स्टारही क्लॅश नावाच्या सीझनआधीच्या प्रदर्शनी रेससाठी इथे आले होते, चेस एलियट जिंकला. पण खरी मजा शनिवारच्या लोकल पब्लिकची. प्रत्येकाचा एक लाडका आणि एक दुश्मन ठरलेला. शेजारच्या आजोबांनी पोरीला आधी कोणाला हुर्यो करायची तेच शिकवलं, रेस नंतर! गावच्या जत्रेतल्या कुस्तीची आठवण आली, तिथेही पैलवानांपेक्षा बाजूचे काकाच जास्त तापलेले असतात.

मॉडिफाइड गाड्यांची रेस चुकवू नका, चाकं बाहेर आलेली बुटकी गाडी, आवाज थेट छातीत बसतो. कानाला लावायला काहीतरी न्याच, मी विसरलो आणि पोरीच्या कानावर हात धरून अर्धी रेस बघितली. काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसायचंय, उशी न्या. शाकाहारींनी घरून जेवून निघा, नाहीतर फ्राइजवर रात्र काढावी लागेल. सीझन एप्रिल ते ऑगस्ट, तिकीट मोठ्या रेसच्या मानाने किरकोळ.

पोरगी अजून सोफ्यावर उभी राहून त्या लाल गाडीवाल्याला हुर्यो करतेय. पुढच्या शनिवारी परत चाललोय, या वेळी बायकोपण येतेय.