शिवसागराच्या काठावरील शेतघर : एका मुक्कामाचे परीक्षण

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासचे पठार ओलांडले की रस्ता बामणोलीकडे उतरू लागतो आणि कोयना धरणाचा शिवसागर जलाशय समोर येतो. या जलाशयाच्या काठी गावकऱ्यांनीच चालवलेली राहण्याची ठिकाणे आता बरीच झाली आहेत. शहरी धकाधकीला कंटाळलेल्यांना ‘पूर्वीसारखे साधे जगणे’ अनुभवायला देण्याचे आश्वासन त्यांपैकी बहुतेकांच्या जाहिरातीत असते. आम्ही उतरलो त्या शेतघराच्या जाहिरातीतही ते होते. तेथे पाहुण्यांसाठी दोनच खोल्या आहेत आणि सारा कारभार साठी उलटलेल्या एका दांपत्याच्या, तात्या आणि मावशींच्या, हाती आहे. तेव्हा घराचे नाव येथे देत नाही, कारण गर्दी त्यांनाच झेपायची नाही.

घर कौलारू असून जमीन खरोखरच शेणाने सारवलेली आहे, आणि पुढच्या पडवीतून जलाशयाचे पाणी व पलीकडचे वासोट्याचे रान दिसते. आंघोळीचे पाणी बंबात तापते. खोलीत दूरदर्शन संच नाही, मोबाइलला रेंज नाही. गाद्या पातळ आहेत, त्यामुळे पाठीचे दुखणे असलेल्यांनी आपली सतरंजी सोबत न्यावी.

या ठिकाणाची खरी किंमत जेवणात आहे. चुलीवरची नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, पाट्यावर वाटलेला खर्डा आणि रात्री वरीचा भात, असा बेत होता. मसाला बेताचा आणि मीठ नेमके. नाचणी आणि वरी त्यांच्याच उतारावरच्या शेतातली असते, आणि त्यामागची मेहनत मावशी वाढता वाढता सांगतात: तरव्यात रोपे तयार करायची, भर पावसात इरले घेऊन लावणी करायची, पुढे पीक कणसात आले की रानडुकरांसाठी रात्रभर राखण करायची. ताटात दोन भाकऱ्या येण्यासाठी एवढे सारे करावे लागत असेल, तर त्या जगण्याला साधे कोणी म्हणावे, हा प्रश्न आम्हाला त्या ताटावरच पडला. शांत जगताय, असे आमच्यापैकी एकाने म्हणताच मावशींनी उत्तर दिले, “तुमाला दोन दिस बरं वाटतंय. आखाडात येऊन ऱ्हावा, मग सांगा.” आखाडात वाऱ्यामुळे लाँच बंद पडते आणि आजारी माणसाला पाण्यापलीकडे नेणे हेच मोठे काम होऊन बसते.

जाहिरातीत न येणारी आणखी एक गोष्ट तात्यांकडून कळते. पडवीतून जे निवांत पाणी दिसते, ते १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणामुळे खोऱ्यात साठलेले आहे; त्याखाली अनेक गावांच्या जमिनी गेल्या आणि माणसे दूरदूरच्या पुनर्वसित वसाहतींत विखुरली. मागे राहिलेल्यांना उतारावरच्या तुटपुंज्या शेतीवर भागवावे लागले. जावळी आणि पाटणच्या कितीतरी घरांतली माणसे मुंबईत माथाडी कामाला गेली ती अशाच ओढगस्तीमुळे, आणि या दांपत्याचा मुलगाही तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलतो. पाहुणे ठेवायची कल्पना त्याचीच. यजमान ही हकिकत विचारल्याशिवाय सांगत नाहीत, पण विचारणाऱ्यापासून लपवतही नाहीत. या प्रामाणिकपणासाठी आम्ही या घराला शेजारच्या सजवलेल्या निवासस्थानांपेक्षा वरचे स्थान देऊ.

तक्रारी दोन आहेत. भाडे साताऱ्यातील मध्यम हॉटेलाइतके आहे. दोन्ही वेळचे जेवण त्यात धरल्यास ते महाग म्हणता येणार नाही, मात्र चहाचे पैसे वेगळे लागतात हे आधी सांगायला हवे होते. दुसरी तक्रार या घराची नव्हे: शनिवारी रात्री पलीकडच्या एका रिसॉर्टातून ध्वनिवर्धकाचा आवाज उशिरापर्यंत येत होता.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सप्टेंबरात कासच्या फुलांमुळे घाटात वाहनांच्या रांगा लागतात. पैसे रोख न्यावेत. क्यूआर कोडचा फलक भिंतीवर आहे, पण रेंजसाठी घरामागचे टेकाड चढावे लागते, आणि खाते मुलाच्या नावावर असल्याने पैसे पोहोचल्याचे तुर्भ्याहून त्याचा निरोप आल्यावरच कळते.