तयार गोष्ट दाखवावी, की मुलांकडून करवून घ्यावी? प्राथमिक वर्गासाठी डिजिटल गोष्टींच्या पद्धतींचा तुलनात्मक आढावा

लोकसहभागातून शाळेत टीव्ही आला, कुठून तरी दोन-तीन टॅब मिळाले आणि शिक्षकांचा स्वतःचा मोबाईल तर हाताशी असतोच; अशा वेळी पहिली ते चौथीच्या वर्गात डिजिटल गोष्टींचा वापर नेमका कसा सुरू करावा, हा प्रश्न अनेक सहकारी विचारतात. पुढील तुलना मी द्विशिक्षकी शाळेत, जोडवर्ग (एकाच शिक्षकाकडे एका वेळी असलेल्या एकाहून अधिक इयत्ता) सांभाळत घेतलेल्या अनुभवाच्या आधारे करत आहे, त्यामुळे प्रत्येक पद्धतीला येथे सारखी जागा मिळणार नाही.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. 1990च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियामध्ये जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या कार्यशाळा सुरू केल्या, त्यांत सामान्य माणसे स्वतःचा अनुभव स्वतःच्याच आवाजात, काही मोजक्या चित्रांच्या साथीने, दोन-चार मिनिटांत सांगत असत. म्हणजे डिजिटल गोष्ट ही मुळात सांगणाऱ्याने घडवायची होती. आपल्याकडे मात्र या नावाखाली बहुतेक वेळा टीव्हीवर व्हिडिओ लावला जातो.

तयार गोष्टींचे मोल मी कमी मानत नाही. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने 2015 साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आणि मुक्त परवान्याने मिळतात, त्या वाचनाच्या चार स्तरांत विभागलेल्या आहेत आणि उतरवून घेतल्या की इंटरनेट नसतानाही दाखवता येतात. 2017 साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावरील साहित्य पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून उघडते. पहिलीच्या मुलांना अक्षरगट समजावत असताना चौथीचा गट एखादी गोष्ट वाचत बसू शकतो, ही जोडवर्गाच्या शिक्षकासाठी फार मोठी सोय आहे. यातही हलत्या चित्रांच्या व्हिडिओपेक्षा पानापानांची गोष्ट मला अधिक उपयोगी वाटते, कारण पान थांबते, मुलाला बोट ठेवून वाचता येते आणि पुढे काय होईल हे विचारायला शिक्षकाला जागा मिळते. उणीव एवढीच की मूल येथे श्रोताच राहते. त्याने काय बांधले, काय मांडले, हे त्यातून कळत नाही.

मुलांनी स्वतः करायच्या पद्धतींमध्ये केवळ आवाजाची नोंद ही सर्वांत स्वस्त आहे. मोबाईलमधील साधे रेकॉर्डर पुरते आणि मध्यम दर्जाच्या नोंदीला मिनिटाला सुमारे अर्धा ते एक एमबी जागा लागते. आजीने सांगितलेली गोष्ट घरून टिपून आणायची असेल, तर यासारखे साधन नाही. परंतु पहिली-दुसरीच्या मुलाला समोर चित्र नसले की सांगताना धागा सुटतो आणि ऐकणारी मुलेही लवकर चुळबुळू लागतात.

म्हणूनच मुलाचे चित्र आणि मुलाचा आवाज, ही जोडी मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही: एकामागून एक चित्र समोर येते आणि सांगणारा त्या चित्राच्या आधाराने कथा पुढे नेतो. वर्गात चार मुलांचा गट करावा, गोष्ट आधी तोंडी सांगून घ्यावी, मग तिचे सहा प्रसंग ठरवून सहा चित्रे काढायला द्यावीत. चित्रांचे फोटो व्हरांड्यातील उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावेत, नाहीतर तेलखडूचा रंग चकाकतो आणि चित्र दिसेनासे होते. बोलताना मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल, तर त्या दिवशी नोंद करू नये. फोटो आणि आवाज जोडण्याचे काम मोबाईलमधील कोणत्याही साध्या व्हिडिओ ॲपमध्ये होते.

भाषेचे खरे काम मात्र पहिली नोंद ऐकवल्यानंतर सुरू होते. तिसरीतील एका मुलीने हरवलेल्या शेळीची गोष्ट सांगितली. स्वतःचा आवाज ऐकताना ती बोटांवर काहीतरी मोजत होती, ऐकून झाल्यावर म्हणाली, “सर, मी नऊ वेळा ‘आणि मग’ म्हटलं, ते काढू या.” दुसऱ्या नोंदीत तिने ‘तेवढ्यात’, ‘शेवटी’, ‘अंधार पडल्यावर’ असे शब्द आपणहून वापरले. वहीतल्या निबंधावर मी लाल शाईने हीच चूक कितीदा दाखवली होती, पण तिथे तिला ती ऐकू आली नव्हती. घरी बोलीभाषा बोलणाऱ्या मुलांसाठी तर ही पद्धत अधिकच मोलाची आहे, कारण पहिली नोंद बोलीत आणि दुसरी प्रमाण मराठीत करता येते आणि दोन्ही तितक्याच आदराने ऐकल्या जातात.

स्क्रॅचज्युनिअर हे 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठीचे मोफत ॲप आहे. त्यात शब्दांऐवजी चित्रखुणांचे ठोकळे जोडून पात्रे हलवता येतात, आवाज भरता येतो आणि एका गोष्टीला जास्तीत जास्त चार पाने देता येतात. चारच पानांमुळे सुरुवात, मध्य आणि शेवट यांचा विचार मुलांना करावाच लागतो. मात्र दोन मुलांमागे एक टॅब नसेल, तर या वाटेला जाऊ नये. एकाच्या हातात टॅब आणि पाच जणांचे नुसते डोकावणे, असे चित्र दिसते. शिवाय पहिले काही तास ॲपमधील मांजराचे पात्र पळवण्यातच जातात, ते गृहीत धरूनच नियोजन करावे.

मातीच्या बाहुल्या किंचित हलवत एकेक फोटो घेऊन करायचा चलतपट मुलांना अतिशय आवडतो. पण सेकंदाला 5 फोटो धरले तरी अर्ध्या मिनिटाला 150 फोटो लागतात आणि त्या सगळ्या श्रमांत भाषेच्या वाट्याला थोडेच येते. वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या सुमारास, तो जरूर करावा.

एका बाबतीत कोणत्याही पद्धतीत सवलत घेऊ नये. मुलांचे चेहरे, नावे किंवा आवाज पालकांच्या लेखी संमतीशिवाय शाळेबाहेरच्या गटांवर पाठवू नयेत. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. चित्र आणि आवाजाच्या पद्धतीत चेहरा मुळातच दिसत नाही, हा तिचा आणखी एक लाभ आहे.

शाळेत एकच मोबाईल आणि पंचवीसच्या आसपास पट असेल, तर आठवड्यातून एकदा तयार गोष्ट आणि रोज एका गटाची चित्र-आवाजाची नोंद, असे सुरू करावे. सर्व गट दीड-दोन आठवड्यांत होतात. व्यवस्थापन समितीकडे थोडे पैसे शिल्लक असतील, तर नव्या टॅबआधी एक चांगला स्पीकर घ्यावा, कारण टीव्हीचा आवाज मागच्या रांगेतील मुलांपर्यंत पोहोचत नाही आणि आपली गोष्ट लागली असताना तीच मुले कान देऊन बसलेली असतात.