गोळ्यांची सात दिवसांची डबी: दीड वर्ष वापरल्यानंतर

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो गुरुवारच्या झाकणामुळे, त्याचं पुढे लिहिते.

विश्रामबागेतल्या मेडिकलमधून २२० रुपयांना घेतली. सात वार, प्रत्येक वाराला सकाळ आणि रात्र असे दोन कप्पे. वारांची अक्षरं इंग्रजीत होती, त्यावर मी कागदी पट्टी चिकटवून सोम, मंगळ लिहून घेतलं.

आमच्या ह्यांना बायपोलर आजार आहे (मन कधी अनावर उत्साहात, कधी नैराश्यात जातं), बावीस वर्षं झाली. आधी मन स्थिर ठेवणारं नुसतं लिथियम होतं. ते नियमित चालू असतानाही दोनदा मॅनिया, म्हणजे झोप उडवणारा अनावर उत्साह, उसळला, दुसऱ्या वेळी तर महिनाभर ॲडमिट होते. तेव्हापासून लिथियमच्या जोडीला व्हॅल्प्रोएट हे त्याच कामाचं दुसरं औषध आलं. एका गोळीवर भागणार नाही का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी बॅलन्स नावाच्या अभ्यासाचं सांगितलं, २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ३३० रुग्ण होते, दोन वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. आजार पुन्हा डोकं वर काढतोय म्हणून नव्याने उपचार करावे लागले, असे लोक दोन्ही औषधं घेणाऱ्यांत ५४ टक्के, नुसत्या लिथियमवर ५९ आणि नुसत्या व्हॅल्प्रोएटवर ६९ टक्के निघाले. म्हणजे एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा जोडी नक्की सरस, पण एकट्या लिथियमपेक्षा जोडी चांगलीच, असं त्या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही. हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. ‘पण यांचं एकट्या लिथियमवर दोनदा बिघडलंय, म्हणून यांना जोडी,’ असं म्हणाले. मला ते पटलं.

जोडी पटली तरी ती रोज पोटात जायला हवी. व्हॅल्प्रोएटने वजन वाढलं, केस गळायला लागले, म्हणून हे लिथियम घ्यायचे आणि दुसरी गोळी गुपचूप टाळायचे. मला कळायचं नाही. दिवसातून दोनदा ‘अहो, घेतल्या का दोन्ही?’ विचारायचे आणि दोनदा घरात वाद व्हायचा. आता दोन्ही एकाच कप्प्यात असतात. जाता येता नजर टाकली की कळतं, विचारावं लागत नाही. दीड वर्षात या एका प्रश्नावरून आमच्यात भांडण झालेलं नाही. माझे चार तारे मुख्यतः याचेच आहेत.

घेतली की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा घेतली, असं आधी झालंय. लिथियमच्या बाबतीत हे धोक्याचं, कारण त्याची रक्तातली गुण येणारी पातळी आणि त्रास देणारी पातळी यांत अंतर फार थोडं. ह्यांची ०.६ ते ०.८ च्या दरम्यान ठेवतात. रात्रीचा कप्पा चुकून राहिलाच, तर सकाळी दुप्पट घ्यायची नाही, असं आम्हाला बजावलंय.

डबी घेताना कप्प्याचा आकार मात्र नीट बघा. व्हॅल्प्रोएट हवेतली ओल धरतं, त्यामुळे ती गोळी पाकिटातून सुटी काढून ठेवायची नाही. मी कात्रीने पाकिटासकट चौकोन कापून ठेवते. आधीच्या लहान डबीत तो मावायचाच नाही, हिच्यात बसतो. पाकीट कापताना औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राखायचा.

रक्त तपासायच्या दिवशी सकाळच्या कप्प्यात मी ‘आधी रक्त’ अशी चिठ्ठी घालते. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी बघायची असते. एकदा हे गोळी घेऊनच लॅबमध्ये गेले, आकडा वाढून आला आणि दोन दिवस आमच्या जिवाला घोर लागला.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: ‘लिथियम चालू आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.’ गुडघेदुखीसाठी एका दुकानातून कुणीही काही न विचारता आयब्युप्रोफेनचं पाकीट दिलं होतं. या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडायचं कमी होतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. जुलाब, उलट्या, उन्हाने अंगातलं पाणी जाणं, यांनीही तेच होतं. गेल्या मे महिन्यात ह्यांना जुलाब झाले, हात नेहमीपेक्षा जास्त थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला. त्याच रात्री दवाखाना गाठला, पातळी १.४ निघाली. लिथियम काही दिवस थांबवलं, तेव्हा प्रत्येक कप्प्यातून तेवढीच गोळी वेचून काढता आली.

दोन गोष्टी कंपनीने पाकिटावर लिहायला हव्या होत्या. एक, ही डबी लहान मूल बोटाने उघडतं. नातू आला की ती फडताळाच्या वरच्या खणात जाते. दुसरी गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली. माणूस नैराश्यात असेल, तर आठवड्याच्या गोळ्या त्याच्या हाताशी ठेवायच्या नाहीत. त्या दिवसांत मी दोनच दिवसांचे कप्पे भरते, बाकीच्या माझ्या कपाटात कुलपात. ज्यांच्या घरी असं कुणी आहे, त्यांनी डबी घेण्याआधी हे जरूर वाचावं.

गुरुवारचं झाकण पाचव्या महिन्यात निखळलं. प्लास्टिकची बिजागरी फार पातळ आहे. बदलून मिळाली नाही.

रविवारी संध्याकाळी हे कप्पे भरतात, मी मोजते. त्याच वेळी आठवडाभराची झोप कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या खाड्यांशेजारी लिहितात: साडेसहा, सात, पाच. सलग तीन रात्री पाचच्या खाली गेल्या, तर डॉक्टरांना फोन करायचा, हे दोघांनी मिळून ठरवलंय. मार्चमध्ये एकदा करावा लागला. औषध थोडं बदललं, ॲडमिट व्हावं लागलं नाही.

परवा दुसरी डबी आणली, याच मापाची, निळी. जुनीच्या गुरुवारला चिकटपट्टी लावलीय. पुण्याला लेकीकडे जाताना तीच नेतो, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन्ही गोळ्यांचं एकेक अख्खं पाकीट.