पंपासाठीचे ट्रायक मॉड्यूल : हिवाळा ते जून, वापरानंतरचा अनुभव

इंदूरमध्ये नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा एक हॉर्सपॉवरचा पंप आपोआप चालू-बंद व्हावा म्हणून मी हिवाळ्यात हे ट्रायक मॉड्यूल घेतले. ट्रायक म्हणजे हलत्या काँटॅक्टशिवाय प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. आधीच्या रिलेचे (विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट ठिणग्यांनी जळत आणि तो वरचेवर बदलावा लागे. तो खर्च वाचवणे एवढाच हेतू होता. मार्चपर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

एप्रिलच्या अखेरीस भरदुपारी टाकी भरून वाहू लागली. टाकी भरल्याचे सांगणाऱ्या फ्लोट स्विचने सर्किट तोडले होते, मॉड्यूलवरचा दिवा विझला होता, तरी पंप चालूच होता. विक्रेत्याने दोष पंपावर ढकलला आणि ‘मॉड्यूल १६ अँपिअरचे आहे, तुमचा पंप जेमतेम ६ अँपिअर घेतो’ हे एकच उत्तर लावून धरले. १६ चा आकडा ट्रायकची पाठ (हीट सिंकला टेकणारी बाजू) साधारण ८५ अंशांच्या आत राहिली तरच खरा असतो. ट्रायकमध्ये दर अँपिअरमागे सुमारे एक वॅट उष्णता होते, म्हणजे इथे सहा-सात वॅट. दर वॅटला १० अंश तापणारी छोटी हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) बंद प्लास्टिकच्या डब्यात असेल आणि उन्हाने डब्यातली हवा ६५ अंशांवर गेली असेल, तर ट्रायकच्या आतला सेमीकंडक्टरचा जोड १२५ अंशांची मर्यादा ओलांडणारच.

मोठी हीट सिंक डब्याबाहेर बसवल्यावर मी हा उष्णतेचाच दोष ठरवला होता. ते मत आता बदलले आहे, कारण त्यानंतरही कडक दुपारी पंप अधूनमधून बंद न होता चालूच राहिला. मोटारीत प्रवाह व्होल्टेजच्या मागे राहतो. प्रवाह शून्यावर येऊन ट्रायक बंद होतो त्या क्षणी व्होल्टेज बरेच वर असते, ते एकदम त्याच्यावर येते आणि गेटला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या टोकाला, इशारा नसतानाही तो पुन्हा चालू होतो. ट्रायक जितका गरम, तितकी हा झटका सोसण्याची त्याची ताकद कमी. म्हणून हिवाळ्यात हा दोष दिसलाच नाही.

खरा संताप पुढेच आहे. सर्किट बोर्डावर स्नबरच्या, म्हणजे व्होल्टेजचा हा झटका सौम्य करणाऱ्या जोडीच्या, रेझिस्टरची आणि कपॅसिटरची जागा छापलेली आहे, भोकेही पाडलेली आहेत, आणि दोन्ही भाग बसवलेले नाहीत! पंपासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत चार पैशांसाठी केलेली ही काटकसर मला अक्षम्य वाटते. जेल रोडवरून १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्सच्या व्होल्टेजसाठीचा सुरक्षित प्रकार) कपॅसिटर आणून बसवल्यापासून संपूर्ण मे महिन्यात पंप एकदाही चालू अडकला नाही.

स्नबरमधून बंद अवस्थेतही सुमारे ७ मिलीअँपिअर झिरपतात, तेव्हा वायरींना हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा. ट्रायक जळतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो आणि पंप चालूच राहतो, म्हणून तो हाताने बंद करायला हाताशी एमसीबी (सर्किट ब्रेकर) हवाच. पाचापैकी तीन तारे. स्नबर बसवून विकले असते, तर चार दिले असते.