गॅसचं बिल भरायला गेलो, सापडलं ॲटिकचं झाकण

आमच्या शेजारच्या आजी (वय ७८, एकट्या, दोन मांजरी) नोव्हेंबरात दारात उभ्या राहिल्या त्या घर गरम ठेवणारा गॅस तोडायची नोटीस घेऊनच. अमेरिकेतल्या ओहायोतली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मी सांगलीचा, इथे बावीस वर्षं झाली. तरी गरिबांसाठी असं काही दुकान गावात उघडं असतं हे मला त्या दिवशी कळलं. याला कम्युनिटी ॲक्शन एजन्सी म्हणतात, म्हणजे गरिबांना बिलं, घर अशा गोष्टींत मदत करणारी स्थानिक संस्था. आमच्या काउंटीतल्या (इथला जिल्हा) एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण थोडी बोंबही मारायची आहे.

बोंब आधी. फोनवर अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे तत्काळ तिकीट. सकाळी लाइन उघडते आणि यंत्र सांगतं, आजच्या वेळा संपल्या. तीन दिवस मी कॉफी थंड करून तेच ऐकलं. चौथ्या दिवशी मिळाली, तर तिथे गेल्यावर सोशल सिक्युरिटी कार्डासाठी (इथलं आधार कार्डच म्हणा) परत पाठवलं. आजी गाडीत गप्प बसल्या होत्या. चाळीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये राबलेली बाई. मागायची सवय नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र टेबलापलीकडची बाई भेटली आणि सगळं बदललं. उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्के, म्हणजे २०२५च्या आकड्यांनी एकट्या माणसाला वर्षाला साधारण २७ हजार डॉलर. आजींचं पेन्शन महिना १,५४० डॉलर, म्हणजे मर्यादेत बसल्या. विंटर क्रायसिस योजनेतून नोटिशीचे पैसे परस्पर गॅस कंपनीला गेले. मग तिनं पिप नावाची योजना समजावली: उत्पन्नाच्या ५ टक्के एवढंच गॅसचं मासिक बिल, आजींच्या बाबतीत ७७ डॉलर. वेळेवर भरलं की जुनी थकबाकी दर महिन्याला चोविसावा हिस्सा उतरत जाते. आजींनी ७७ हा आकडा नोटिशीच्या पाठीवर लिहून घेतला, दोनदा गिरवला.

आम्ही उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बिल एवढं येतंच का? घर किती जुनं आहे?" हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही, आणि मी इंजिनिअर आहे म्हणे.

बाहेर थांबलो असताना भिंतीवर संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना वाचली. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, त्यासाठीच्या कायद्यातून या संस्था आल्या. देशभर आज हजाराच्या आसपास आहेत. बहुतेक ना-नफा, पैसा बराचसा केंद्राचा. मंडळाचा एक तृतीयांश लोकप्रतिनिधी, आणि निदान एक तृतीयांश गरीब वस्त्यांनी निवडलेली माणसं असावी लागतात. आपल्याकडच्या कुठल्या संस्थेत लाभार्थी खुर्चीवर बसलेला पाहिलाय? मी तरी नाही.

त्या बाईच्या प्रश्नावरून आम्ही वेदरायझेशनचा, म्हणजे घराच्या फटी बुजवून गारठा अडवायच्या योजनेचा, अर्ज टाकला होता. त्यांची माणसं आली ती एप्रिलमध्ये. पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली. एक पोरगा हातात धुराची छोटी नळी घेऊन भिंतीकडेनं फिरत होता. जिथे फट, तिथे धूर आडवा व्हायचा. जिन्यावरच्या ॲटिकच्या (छपराखालचा माळा) झाकणापाशी गेला, तर झाकण चक्क फडफडायला लागलं. नुसती पातळ फळी! इतकी वर्षं आजी दाराखाली टॉवेल गुंडाळून ठेवत होत्या आणि घरातली ऊब डोक्यावरून निघून जात होती.

मग ट्रकमधून जाड पाइप वर गेला, कागदाच्या लगद्याचा राखाडी भुसा ॲटिकभर पसरला, झाकणाला जाड फोम लागला, भोवती पट्टी. घर गरम करणाऱ्या जुन्या फर्नेसची (गॅसची भट्टी) तपासणी झाली, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसला. आजींचा खर्च शून्य. मांजरी दोन दिवस पलंगाखाली.

माझे तारे चार. पाचवा फोनच्या यंत्रानं खाल्ला. जाणार असाल तर सोशल सिक्युरिटी कार्ड, ३० दिवसांच्या उत्पन्नाचा पुरावा आणि ताजं बिल पहिल्याच खेपेला न्या. आणि वेदरायझेशनचा अर्ज थंडीची वाट न पाहता उन्हाळ्यातच टाका. आमचा नंबर लागायला पाच महिने गेले.