दिंडोरीच्या बचत गटाचे रेकॉर्ड रुमाल: लाल उत्तम, पिवळा अजून कच्चा

नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयात अभिलेख कक्ष आणि भांडार, दोन्ही माझ्याच गळ्यात आहे. ज्यांचा दप्तराशी संबंध नाही त्यांना सांगते, रुमाल म्हणजे जुन्या फायलींचे गठ्ठे बांधायचं चौकोनी कापड. अ वर्गाच्या, म्हणजे कायम जपायच्या कागदांना लाल, ब ला हिरवा, क ला पिवळा, ड ला पांढरा. ड वर्षभरात रद्दीत जातो, त्यामुळे पांढऱ्याचं कुणाला सोयरसुतक नसतं.

मागच्या खेपेला मागणीपत्रात नुसतं ‘कापडी रुमाल’ लिहिलं होतं. तीन कोटेशन आली, सर्वात कमी दर 62 रुपये, आणि हातात पडलं नॉन-वोव्हन. दिसायला कापड, पण आहे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. याच्या पिशव्यांवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली होती, असं पुरवठादाराला म्हटलं तर म्हणतो कसा, "मॅडम, ही पिशवी कुठंय?" बिनतोड! दोन वर्षांत खिडकीकडच्या रॅकवरच्या रुमालांचा उन्हानं भुगा झाला. बोट लावलं की लाल पापुद्रे निघायचे. त्याच कक्षात 1998 साली बांधलेले मांजरपाटाचे गठ्ठे आहेत. रंग विटलाय, पण गाठ अजून घट्ट आहे.

यंदा मी मागणीपत्रच बदललं. 100 टक्के सुती मांजरपाट, 45 इंच चौरस, चारही कडा दुमडून शिवलेल्या, रंग पक्का. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बचत गटालाच द्यायचं ठरवलंय का?" नाही म्हटलं, सुती देईल त्यानं द्यावं. कमी दराचाच घ्यायचा, त्यात बदल नाही. कशाचा दर मागतोय तेवढं आधी नीट लिहायचं. कापडाच्या दोन दुकानांनी 110 आणि 104 भरले, दिंडोरी तालुक्यातल्या महिला बचत गटानं 96. म्हणजे कुणावर उपकार म्हणून नाही, दरावरच त्यांना मिळालं. 150 नग, 14,400 रुपये.

कापड मालेगावच्या मागावरचं, शिलाई गटातल्या बायकांची. लाल रुमाल घरी नेऊन बादलीत टाकला. पहिलं पाणी गुलाबी, दुसरं स्वच्छ. अकरा किलोचा गठ्ठा बांधून शिपाई मामांनी एका हातानं उचलला, गाठ तसूभर सरकली नाही. नॉन-वोव्हनची गाठ सुटायची, म्हणून आम्ही वरून सुतळी मारत होतो, तिचा खर्च कुठेच धरलेला नव्हता. पावसाळ्यात आतल्या कागदाला येणारा कुबट वासही यंदा नाही. धुतल्यावर रुमाल दीड इंच आटतो, तेवढं धरून चाला. हिरवा ठीक.

पिवळा मात्र फसला. 40 पैकी 12 नगांचा रंग ओल्या हाताला लागत होता. फोन केला, तर गटाच्या ताई आठव्या दिवशी एसटीनं बदली माल घेऊन आल्या. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, गाठोडं डोक्यावर घेऊन चालत! कुरिअरनं पाठवायचं ना, म्हटलं, तर म्हणाल्या, "आमच्या हातानं चुकलं, मग आम्हीच आणायचं."

आता आमची बाजू. लेखा शाखेनं जीएसटी नंबर नाही म्हणून बिल परत केलं. वस्तू विकणाऱ्याची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, हे टिपणीत लिहून द्यावं लागलं. गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानं अशा उत्पादकांचं बिल 45 दिवसांत द्यायचं असतं. आम्ही लावले 97. तोवर ताईंची दोऱ्याच्या दुकानात उधारी. केंद्राच्या खात्यांना 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायचं बंधन आहे, त्यातली 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पण टक्का गाठला तरी बिल टेबलावर पडून राहिलं, तर दोरेवाला काही थांबत नाही.

लालला पाचपैकी साडेचार, हिरव्याला चार, पिवळ्याला दोन. पुढच्या खेपेसाठी पिवळ्याचा नमुना आधी मागवलाय. काल रात्री मगमध्ये भिजत घातला होता. सकाळी पाणी बिनदुधाच्या चहासारखं. ताईंना कळवलं, पुन्हा करा.