तेल कंपन्यांचं ईएसजी रेटिंग: शेअर घेताना कितपत कामाचं?

माझी नोकरी रिफायनरीच्या सेफ्टी विभागात झाली. त्यामुळे तेल कंपनीचा शेअर घ्यायचा तर मी नफ्याच्या आधी अपघातांचे आकडे बघतो. याच कामासाठी एमएससीआय या रेटिंग देणाऱ्या संस्थेचं ईएसजी रेटिंग (पर्यावरण, समाज आणि कारभार यांबाबत कंपनी कशी आहे याची श्रेणी) नेहमी वापरतो. त्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतं.

वापरायला अगदी सोपं आहे. कंपनीचं नाव टाकलं की ‘सीसीसी’ (सर्वात वाईट) ते ‘एएए’ (सर्वोत्तम) यांपैकी एक श्रेणी मिळते आणि कोणत्या मुद्द्यांवर कंपनी पुढे आहे, कोणत्यांवर मागे, तेही दिसतं. श्रेणीपेक्षा हे मुद्दे वाचा. कारण श्रेणी ठरते ती त्याच उद्योगातल्या कंपन्यांशी तुलना करून. तेल कंपनीला ‘ए’ मिळाला याचा अर्थ ती इतर तेल कंपन्यांपेक्षा बरी, एवढाच. शिवाय मोजला जातो तो कंपनीच्या कमाईला असलेला धोका. गळतीमुळे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं काय होतं, हा प्रश्न त्यात कंपनीला किती भुर्दंड पडेल एवढ्यापुरताच येतो. हे मला मनापासून खटकतं.

रेटिंग चांगलं म्हणजे नफा जास्त, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एक्सॉनमोबिलला 2020 मध्ये सुमारे 22 अब्ज डॉलर तोटा झाला आणि 2022 मध्ये 55 अब्जांहून जास्त नफा. हा फरक मुख्यतः कच्च्या तेलाच्या भावाचा. भाव चढले की बेजबाबदार कंपनीही भरपूर कमावते. जबाबदारीचा हिशेब दिसतो तो मोठ्या अपघातात.

ब्रिटिश तेल कंपनी बीपीचंच बघा. 2000 साली कंपनीने हिरव्या-पिवळ्या सूर्यफुलाचं बोधचिन्ह घेतलं आणि ‘बियाँड पेट्रोलियम’ म्हणत जाहिराती केल्या. 23 मार्च 2005 रोजी तिच्या टेक्सास सिटी रिफायनरीत युनिट सुरू करताना एक टॉवर प्रमाणाबाहेर भरला. आतली पातळी दाखवणारं उपकरण मात्र ती उतरतेय असं सांगत होतं. पातळी फार वाढली की वाजणारा दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. स्फोटात 15 माणसं गेली, जवळच्या ऑफिस म्हणून वापरलेल्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास असलेली. पुढे या अपघातानंतर नेमलेल्या बेकर समितीने 2007 मध्ये स्पष्ट लिहिलं की कंपनी कामगारांच्या किरकोळ दुखापतींचा घटता दर बघून निर्धास्त राहिली, प्रोसेस सेफ्टीकडे, म्हणजे मोठी गळती, आग, स्फोट टाळण्याकडे, तिचं पुरेसं लक्ष नव्हतं. तरीही 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपीची विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर हॉरायझन या तरंगत्या मंचावर स्फोट झाला तेव्हा बीपी डाऊ जोन्सच्या सस्टेनेबिलिटी निर्देशांकात, म्हणजे जबाबदार मानलेल्या कंपन्यांच्या यादीत, होतीच. 11 कामगार मेले, 87 दिवस तेल समुद्रात जात राहिलं, आणि निर्देशांकातून तिला काढलं ते तेल वाहायला लागल्यावर. लाभांश थांबला. एकूण खर्च 60 अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

गुंतवणूकदाराला अशा सेवेकडून हवा असतो तो आधीचा इशारा, आणि इथेच एमएससीआयचं रेटिंगही कमी पडतं. कार्बन, जैवविविधता, भ्रष्टाचार, संचालक मंडळ यांच्या सोबतीला सुरक्षितता येते आणि सगळ्यांची मिळून एकच श्रेणी बनते. ज्या एका गोष्टीने कंपनी बुडू शकते ती त्या गर्दीत विरघळते.

दुसऱ्या संस्थेशी पडताळून बघावं, तर सस्टेनॅलिटिक्सची पट्टी उलटी आहे: गुण जितके कमी तितकी कंपनी चांगली. सहा संस्थांची रेटिंग तपासणाऱ्या एका अभ्यासात त्यांचा परस्परसंबंध सरासरी 0.54 निघाला होता (पूर्ण एकमत असतं तर 1 आला असता). एकाच कंपनीबद्दल दोन मतं मिळाली तर गोंधळू नका.

मी पाचपैकी तीन तारे देतो, तेही मुद्देवार तपशील फुकट मिळतो म्हणून. शेअर घेण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या अहवालात ‘टियर 1’ (सर्वात गंभीर) प्रोसेस सेफ्टी घटनांचा आकडा शोधा आणि मागच्या काही वर्षांशी ताडून बघा. शाळा बांधल्याचे, झाडं लावल्याचे फोटो पानोपानी आणि हा आकडा कुठेच नाही, अशा कंपनीचा शेअर मी घेत नाही, मग रेटिंग काहीही असो.